वरून कोरडा थेंब

हिंगण्याच्या त्या कारखान्यात शामला गजभियेच्या मुठीवर कुणी शंका घेत नसे, आणि शामला तर नाहीच नाही. ड्रायरच्या तळातून संत्र्याची पूड उतरू लागली की ती चांगली मूठभर उचलायची, आवळायची आणि सोडायची. पूड बोटांतून ओघळली तर माल कोरडा, मुठीचा आकार धरून बसली तर ओला. ओलावा मोजायचं एक छोटं यंत्रही तिथं होतं. पण त्याचा आकडा येईपर्यंत शामलाचा निकाल लागलेला असे, आणि अकरा वर्षांत त्या दोघांचं एकदाही भांडण झालं नव्हतं.

काम ऐकायला सोपं होतं. संत्र्याचा आटवलेला रस घ्यायचा. नुसत्या रसातली साखर सगळीकडे चिकटते, म्हणून त्यात मक्याची पांढरी पूड मिसळायची. मग तो घोळ दोन मजले उंच स्टीलच्या पिंपात, वर गरगरणाऱ्या चक्रीवर सोडायचा. चक्री त्याचे कोट्यवधी थेंब उडवते, गरम हवा त्यांना वाटेतच गाठते, आणि तळाशी पोचेपर्यंत थेंबाचा कण झालेला असतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात. आतमध्ये नेमकं काय होतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. पण न पाहिलेल्या गोष्टींबद्दलच माणूस सर्वांत जास्त खात्रीनं बोलतो, तशी शामलाही बोलायची.

मागच्या हिवाळ्यात माल तिच्या मुठीत चिकटू लागला, तेव्हा तिनं आत जाणारी हवा एकशे साठ अंशांवरून थेट एकशे नव्वदवर नेली. "ऊन काय असते हे नागपूरच्या माणसाले शिकवता का?" असं म्हणून नेली. पूड खडखडीत उतरली, आणि घोळही दीडपट वेगानं सोडता येऊ लागला. मालक ताराचंदजी इतके खूश झाले, की त्यांनी सगळ्यांसमोर तिला शाल दिली. ती शाल शामलाच्या घरी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ठेवलेली होती. आल्यागेल्याला ती पिशवीसकटच दाखवली जायची.

आणि आता मार्चमध्ये, मृग बहाराच्या संत्र्यांचा माल जोरात सुरू असताना, हैदराबादच्या शरबतवाल्यानं चाळीस बॅगा परत पाठवल्या. एक फाडून पाहिली तर आत पूड नव्हतीच. नारिंगी वीट होती. ताराचंदजींनी तिच्यावर पेन ठोकून पाहिलं, तर पेन वाकलं.

दुपारी शिफ्ट बदलताना, कंपनीची बस उभी राहते तिथं, सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "शामलाबाई, हे काय झालं?"

शामलानं क्षणभरही विचार केला नाही. "माल माह्या मुठीतून गेला आहे, साहेब. कोरडा म्हणजे कोरडा. बाहेरची हवा बॅगमधी घुसून राहिली. सील पाहा."

आता या कारखान्याची एक पद्धत अशी, की बॅगेवर पॅक करणाऱ्या बाईचा नंबर पडतो. रस कुणी मिसळला, ड्रायर कुणी चालवला, याचं बॅगेवर नावनिशाण नाही. शेवटचा हात ज्याचा, नंबर त्याचा. चाळीसच्या चाळीस बॅगांवर सात होता. सात म्हणजे पंचफुलाबाई.

पंचफुलाबाई सत्तावन्न वर्षांची, पॅकिंगमध्ये सर्वांत जुनी, वानाडोंगरीला राहणारी. तिनं सीलिंगची पट्टी दाबली की बॅगेतून सुईसुद्धा बाहेर येणार नाही, असं एरवी शामलाच सांगायची. ताराचंदजी वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते. "पंचफुलाबाई, महिना संपेपर्यंत या, एक तारखेपासून आराम करा," ते म्हणाले. पंचफुलाबाईनं शामलाकडे एकदा पाहिलं. मग ती बसमध्ये चढून खिडकीशी बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आपला डबा घेऊन दुसऱ्या बाकावर गेली. अकरा वर्षं त्या दोघी एकाच बाकावर जेवल्या होत्या. शामलाच्या डब्यातलं वांगं तिकडे जायचं आणि पंचफुलाबाईची मुंगवड्यांची भाजी इकडे यायची. त्या दिवशी शामलाला वांगं संपेना. तिनं मनाला बजावलं, की खरं ते खरं, मैत्री आपल्या जागी. मनानं मान डोलावली, पण घास काही खाली उतरला नाही.

पंधरा दिवसांपूर्वीच कारखान्यात एक नवी केमिस्ट आली होती. मयुरा तिचं नाव, मनीषनगरहून स्कूटीवर यायची, आणि बोलण्याआधी दोनदा चष्मा सावरायची. परत आलेल्या मालाचं कारण शोधायचं काम तिच्याकडे होतं. शामला तिच्या खोलीत गेली तेव्हा ती एका स्टँडवर काचेचा केसासारखा बारीक तंतू टांगत होती. तंतूच्या टोकाला खसखशीएवढा मणी होता, आणि समोर क्लिपवालं भिंग लावलेला मोबाइल. बाजूला रंग सोलायची गरम हवेची बंदूक ठेवलेली.

"हे काय मांडून राहिल्या, मॅडम?"

"एक थेंब सुकवतेय, ताई. आपल्याच घोळाचा."

शामलाला हसू आवरेना. "माह्या चक्रीतून एका मिनिटात किती थेंब उडतात, ठाऊक आहे का? अन् तुम्ही एक टांगून बसल्या!"

"त्या गर्दीत एकाचाही चेहरा दिसत नाही ना," मयुरा चष्मा सावरत म्हणाली. "म्हणून एकालाच बोलावलं. हा खूप मोठा आहे, त्यामुळे वेळ जास्त घेईल. पण कोणत्या पायऱ्या चढतो ते तरी कळेल."

पोरीचं बोलणं शामलाला आवडलं, आणि तिनं स्टूल ओढलं. मयुरानं सुईनं थेंब त्या मण्यावर सोडला. तो लोंबकळत राहिला, चकचकीत, आतून उजेड जाणारा. मग एकशे साठची हवा सुरू झाली.

आधी काहीच झालं नाही असं वाटलं. नंतर मोबाइलच्या पडद्यावर दिसलं की थेंब लहान होतोय, सगळीकडून सारखा, शांतपणे. चकाकी तशीच होती. लहान होत होत तो निम्म्याहून कमी झाला, तेव्हा कुठं त्याची चकाकी गेली, वर साय धरावी तसं काहीतरी धरलं, आणि थोड्या वेळानं तिथं मोहरीच्या दाण्यासारखा घट्ट गोल कण उरला. मयुरानं तो सुईनं फोडला. आतबाहेर सारखाच कोरडा.

"आता आपली हवा. एकशे नव्वद."

दुसऱ्या थेंबाला फारसं लहान व्हायची संधीच मिळाली नाही. चकाकी पाहता पाहता उडाली आणि तो मोठाच्या मोठा असतानाच वर कडक साल धरली. मग तो लहान होईना. उलट पुरीसारखा टम्म फुगला, एका अंगाला फुटला, फुटल्या जागेतून किंचित पाझरला आणि पुन्हा बंद झाला. वरून पाहावं तर सुरेख, कडक, नारिंगी. शामलानं हात लावला असता तर तिनंही पास केला असता.

मयुरानं त्यात सुई खुपसली आणि बाहेर काढली. सुईबरोबर पाकाची तार आली.

"पुन्हा करा," शामला म्हणाली.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. चौथ्यांदा शामलानं स्वतःच्या हातानं थेंब सोडला, कारण हात बदलला की थेंब शहाणा होईल अशी तिला आशा होती. चारही वेळा तारच आली.

"पण मॅडम, ओलाव्याचं यंत्र तर कोरडं सांगते."

मयुरानं कालच्या मालातली चमचाभर पूड घेतली आणि यंत्रात टाकली. नेहमीचा आकडा आला. मग तेवढीच पूड तिनं खलात घेऊन बत्त्यानं चांगली कुटली आणि पुन्हा टाकली. आकडा दुप्पट झाला. "यंत्र पूड पाच मिनिटं तापवून उडालेलं पाणी मोजतं. तेवढ्यात त्यालाही ती साल फोडता येत नाही, ताई. थंडीत हे खपून गेलं, पण आता मार्चच्या उन्हात बॅगेत चार-आठ दिवस मिळतात. आतलं पाणी हळूहळू बाहेर येतं, शेजारच्या कणाला चिकटवतं, तो त्याच्या शेजारच्याला."

आणि वीट होते. तेवढं शामलाला कुणी सांगायची गरज नव्हती. शितावरून भाताची परीक्षा ती रोज घरी करत होती, पण शीत दाबून पाहतात, नुसतं वरून पाहत नाहीत. सील पक्की होती. इतकी पक्की, की आतलं पाणी आतच राहिलं होतं. तिला शरम वाटली. कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. ती शाल, तो खिडकीशी बसलेला चेहरा आणि दुसऱ्या बाकावरचा डबा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

मयुरा बिचारी गोंधळली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मी अहवालात दोन्ही लिहू का? उष्णता थोडी जास्त, सीलही थोडी कच्ची. म्हणजे तुमच्या एकटीवर..."

खोटं कशाला बोला, शामलाला मोह झाला. दोन श्वास घेण्याइतका झाला. थोडी-थोडी चूक सगळ्यांत वाटली की कुणाच्याच वाट्याला फार येत नाही, आणि शाल कपाटात राहते. पण त्या वाटणीत पंचफुलाबाईची नोकरी परत येत नव्हती.

"नाही," ती उठत म्हणाली. "जे दिसलं थेच लिहा. बाकीचं मी पाहते."

शनिवारी दुपारी शिफ्ट बदलताना, जिथं खापर फोडलं होतं तिथंच, ती बसच्या पायरीवर चढली, म्हणजे सगळ्यांना दिसेल. पंचफुलाबाई त्या दिवशी आलीच नव्हती, महिना संपायचीही तिनं वाट पाहिली नव्हती. "साहेब," शामला मोठ्यानं म्हणाली, "सील पक्की होती. ऊन माहं होतं. चूक मी केली अन् नाव पंचफुलाबाईचं घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं."

बाया कुजबुजल्या. ताराचंदजींनी मयुराचा अहवाल वाचलेला होता, पण इतक्या उघडपणे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. "शामलाबाई, मग ती शाल?"

"सोमवारी आणून देते. तुम्ही पंचफुलाबाईले बोलवा."

"अरे भाई, शाल राहू द्या. हवा कमी केली तर माल ओला पडेल. मागच्या हिवाळ्यात पडला होताच की."

"एक घाण, एका शिफ्टचा माल, मले द्या. माह्या पद्धतीनं काढते. बॅगा गोदामात ठेवा, पत्र्याखाली, जिथं सर्वांत जास्त तापते तिथं. दहा दिवसांनी सगळ्यांसमोर उघडा. वीट निघाली तर एक तारखेपासून पंचफुलाबाई नाही, मी घरी."

ताराचंदजींनी तिच्याकडे पाहिलं. चूक कबूल करतानाही या बाईचा आवाज खाली येत नाही, याचं त्यांना थोडं हसूच आलं. "ठीक आहे. एक घाण."

आवाज खाली आला नव्हता हे खरं, पण मालकाच्या शंकेनं शामलाच्या मनात घर केलं होतं. एकशे साठला मागं माल चिकटला होता, हे तिच्या मुठीला आठवत होतं. निव्वळ उष्णता उतरवून भागणार नव्हतं, आणि आणखी काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी ती वानाडोंगरीला गेली. माफी मागायला गेली होती, बाकी काही डोक्यात नव्हतं.

पंचफुलाबाई गच्चीवर होती. वाटलेल्या मुगाच्या डाळीचं पातेलं मांडीशी, समोर चादर, आणि चादरीवर वड्यांच्या ओळी.

"जयभीम, बाई."

"जयभीम." वर न पाहता.

शामला समोर बसली. "माहं चुकलं. माल आतून ओला होता. मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं, सगळ्यांसमोर परत घेतलं. पण तुमच्यासमोर घ्यायचं राहिलं होतं."

पंचफुलाबाईनं चार वड्या घातल्या. पाचवी घातली. "अकरा वर्षं माह्या हातचं खाऊन राहिली तू. एकदा मले येऊन विचारलं असतं, बाई, सील बरोबर बसली का? तेवढंही नाही. तुले तुह्या मुठीवर भरोसा होता, माह्या हातावर नव्हता."

"नव्हता," शामला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"भैताड आहेस," पंचफुलाबाई म्हणाली, आणि पातेलं तिच्याकडे सरकवलं. "बस. घाल वड्या."

शामला वड्या घालू लागली, भराभर, एकीला एक लागून. पंचफुलाबाईनं तिच्या हातावर चापट मारली. "एवढ्या दाट काहून? हवा कुठून जाईन मधातून? विरळ घाल. थोड्या होऊ दे, पण वाळू दे."

मग तिनं जुनं पातळ लुगडं उचललं आणि घातलेल्या वड्यांवर पसरलं. हे शामलानं दरवर्षी पाहिलं होतं. दरवर्षी हसलीही होती, की एवढं ऊन फुकटात पडून राहिलं अन् बाई त्याले झाकून ठेवते! आणि दरवर्षी पंचफुलाबाईनं एकच उत्तर दिलं होतं. शामलानं या वेळी हसण्याऐवजी विचारलं, "झाकता काहून, बाई?"

"दर साली सांगते. पहिलं ऊन कडक लागलं का वडी खोटी वाळते. वरून पक्की, आत कच्ची. मग डब्यात बुरशी. आतलं पाणी निघून जाऊ दे आधी, मग दाखव पाहिजे तेवढं ऊन."

शामला हातातली डाळ तशीच धरून बसली. काचेच्या तंतूवर तिनं जे चार वेळा पाहिलं होतं, ते ही बाई गच्चीवर दर मार्चला सांगत आली होती. आणि वर तिला न सुचलेलं उरलेलं उत्तरही आत्ताच, चापटीसकट, मिळालं होतं. विरळ घाल. एकशे साठ अंशांना तिनं कधी दोष द्यायलाच नको होता. त्या हिवाळ्यात घोळ फार भराभर सुटत होता, आणि थेंबांच्या गर्दीला हवा पुरत नव्हती. तिनं गर्दी कमी करायची सोडून आग वाढवली होती.

"उद्या या," ती उठत म्हणाली. "सील तुम्हीच करायची."

"अन् वीट निघाली तं?"

"नाही निघत."

सोमवारी शामलानं हवा एकशे साठवर आणली आणि घोळाचा नळ एवढा बारीक केला, की शेजारच्या मशीनवाल्यानं ड्रायर बंद पडला का म्हणून विचारलं. एका शिफ्टमध्ये निघायच्या त्याच्या निम्म्याच बॅगा भरल्या. पंचफुलाबाईनं पट्ट्या दाबल्या आणि मार्करनं प्रत्येक बॅगेवर सात लिहिला. शेवटची बॅग झाली तेव्हा शामलानं तिच्या हातातून मार्कर घेतला आणि पहिल्या बॅगेपासून सुरुवात करून प्रत्येक सातच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ड्रायर - शामला गजभिये.

"हे काय नवीन?" पंचफुलाबाई म्हणाली.

"आता खराब निघालं तर आधी माह्या नावानं बोंबलतीन."

दहा दिवस गोदामाचा पत्रा तापत राहिला. शामला त्या काळात एकदाही गोदामाकडे फिरकली नाही. विश्वास होता म्हणून, असं ती म्हणायची. मयुराला मात्र तिनं रोज सकाळी एक थेंब टांगायला लावला, आणि रोज सुई कोरडी निघाल्यावरच चहा घेतला.

अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बॅग बाहेर आणली गेली. सगळे जमले. ताराचंदजींनी स्वतः कात्री चालवली आणि बॅग स्टीलच्या परातीवर पालथी केली. पूड सुर्रकन ओतली गेली, ढीग झाला, ढिगाच्या कडा घसरत परातीच्या काठापर्यंत गेल्या. संत्र्याचा वास पार बसपर्यंत पोचला असावा, कारण ड्रायव्हरही उतरून आला.

"शामलाबाई," ताराचंदजी हसत म्हणाले, "आता लावा तुमची मूठ."

शामलानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "माही मूठ वरचंच पाहते, साहेब. पंचफुलाबाईले पाहू द्या."

पंचफुलाबाईला अशा कामाला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. तिनं पदराला हात पुसला आणि पुढे आली. मूठ भरली नाही. चिमूटभर पूड तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं रगडली, चांगली जोर लावून, वडी फोडून आत पाहतात तशी. मग तळहात उलटा केला. सगळी पूड खाली सांडली, हाताला कणही चिकटला नाही.

"आतूनही कोरडं आहे," ती शामलाकडे पाहत म्हणाली.

लोक बोलत, हसत पांगले. पंचफुलाबाईनं आपला डबा उचलला, जुन्या बाकावर येऊन बसली आणि शामलाच्या डब्याचं झाकण स्वतःच उघडलं. आत वांगं होतं.